मे महिन्याची गच्ची आणि काड्यांवरचं खाणं

मे महिन्यात तीस-पस्तीस माणसांसाठी भजी तळायची नाहीत, एवढं एक मी आधी ठरवलं आणि बाकीचं सगळं त्यातून निघत गेलं. निमित्त होतं वहिनीच्या निवृत्तीचं. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभं आयुष्य गेलं तिचं. ५८ पूर्ण झाली आणि मेअखेर ती घरी आली. तिच्या शाळेतल्या मैत्रिणी, दादाचे मित्र, आमची सगळी भावंडं आणि पोरंसोरं असा गोतावळा संध्याकाळी पुण्याच्या आमच्या गच्चीवर जमणार होता. जेवण बाहेरून सांगितलं होतं. साडेसहा ते साडेआठ हे त्याआधीचे दोन तास मात्र मी मागून घेतले.

अशा कार्यक्रमांत आमच्याकडे काय होतं ते मी लहानपणापासून पाहत आले आहे. वर गच्चीवर सतरंज्या, गप्पा, हशा; आणि खाली स्वयंपाकघरात घरातल्या बायका कढईसमोर. घाणा निघाला की कुणीतरी पोर ताट घेऊन जिना चढतं, रिकामं ताट घेऊन परत येतं. वहिनी लग्न होऊन आल्यापासून प्रत्येक वाढदिवसाला, प्रत्येक बारशाला अशीच खाली राहिली. दादाच्या पन्नाशीला तर केक कापून झाल्यावर तिला बोलावणं गेलं होतं. या वेळी कार्यक्रम तिचा होता. तिने पहिल्या पाहुण्यापासून वर बसलं पाहिजे आणि तिच्या जागी मी खाली अडकले तर तिला वर चैन पडणार नाही, हेही मला ठाऊक होतं. तेव्हा खाणं असं हवं की पाहुणे आले तेव्हा गॅस बंद असेल. गार खाता येईल, ताटली-चमचा लागणार नाही, एका हातात सरबताचा पेला धरून दुसऱ्या हाताने उचलता येईल. म्हणजे काडीवर टोचलेलं.

आता ‘आधी करून ठेवू’ हे म्हणायला सोपं आहे. कार्यक्रमाच्या आधीच्या आठवड्यात मी फ्रिजमध्ये नुसत्या बघण्यासाठी काही काड्या ठेवल्या. एकीवर कलिंगड, पनीर, काकडी आणि वरून मीठ, चाट मसाला. दुसरीवर तेच, पण मीठमसाला काही नाही. सकाळी डबा उघडला तर पहिल्या काडीखाली गुलाबी पाणी साचलेलं, कलिंगड चिपाड झालेलं, काकडी लुळी पडलेली. दुसरी काडी बरीच टवटवीत होती. मीठ बाहेरून लागलं की ते भाजीफळांतलं पाणी ओढून काढतं. काकडीच्या कोशिंबिरीत आपण मीठ आयत्या वेळी घालतो ते याचसाठी. आणि चाट मसाला म्हटला तरी त्यात काळं मीठ असतंच, हे आपण विसरतो. त्या दिवशी मी वही घेतली आणि पदार्थ चवीप्रमाणे न लिहिता पाण्याप्रमाणे लिहून काढले: कोण पाणी सोडतं, कधी सोडतं, आणि कोण रात्रभर राहून उलट चांगलं होतं. माझ्या मते या सगळ्या प्रकाराची किल्ली तिथेच आहे. पाककृती हजार मिळतात, पण कुठली गोष्ट आदल्या रात्री आणि कुठली शेवटच्या पाच मिनिटांत, हे कुणी नीट सांगत नाही.

काड्यांबद्दलही आधीच बोलते. बाजारात बांबूच्या लांब काड्या मिळतात, कबाबाच्या, आणि त्या ताटात फार छान दिसतात. पण उभ्याने, गप्पा मारत खाताना लांब काडीवरचा चौथा-पाचवा तुकडा खायचा म्हणजे काडी आडवी धरून दाताने ओढावा लागतो, तोंडाला मसाला फासला जातो, आणि वहिनीच्या मैत्रिणींत कवळ्या असलेल्याही होत्या. म्हणून मी टूथपिकपेक्षा थोड्या लांब, बोटभर काड्या घेतल्या आणि प्रत्येकीवर तीनच गोष्टी, मिळून एक घास. सगळे डबे आधी मोजले, कारण काडी डब्यात आडवी मावली नाही की झाकण लागत नाही आणि झाकण लागलं नाही की रात्रभरात पनीर कडांनी सुकतं. काड्या विस्तवावर जाणार असतील तर त्या अर्धा तास पाण्यात भिजवतात, जळू नयेत म्हणून. गार खाण्याच्या काड्यांना त्याची गरज नाही. कोरड्याच बऱ्या, तुकडा घट्ट धरून ठेवतात.

पनीर घरी केलं. बाहेरचं चालतं, पण मला ते मीठ आतून मुरलेलं हवं होतं. कलिंगडाला बाहेरून मीठ लावायचं नाही म्हटल्यावर खारटपणा येणार कुठून? तर पनीरमधून. म्हशीचं दूध उकळलं, गॅस बंद करून पाण्यात मिसळलेला लिंबाचा रस थोडा थोडा घातला, दूध फाटून हिरवट पाणी वेगळं झालं तसं पंचात गाळलं. तिथेच, दाबायच्या आधी, त्यात मीठ, भरडलेली मिरी आणि भाजलेल्या जिऱ्याची जाडसर पूड कालवली. मग पंचा घट्ट पिळून, चौकोनी करून, पाटावर ठेवून वर पाण्याने भरलेला कुकर. म्हशीच्या लिटरभर दुधाचं साधारण २०० ग्रॅम पनीर होतं, त्या हिशेबाने दूध घ्यायचं. दाबून झालं की लगेच कापायचा मोह होतो, पण कोमट पनीर सुरीखाली भुगा होतं. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी गारच कापलं की चौकोन सुरेख, धारदार निघतात आणि काडी घुसवताना फुटत नाहीत. पनीर गाळून उरलेल्या हिरवट पाण्यातच मी दुसऱ्या दिवशीची कणीक भिजवली.

कलिंगड मात्र आदल्या दिवशी अजिबात कापलं नाही. दुपारी तीननंतर कापलं, बिया काढल्या, चौकोन केले आणि चाळणीत, खाली पातेलं ठेवून, चाळणीसकट फ्रिजमध्ये. कापल्यावर पहिल्या तासात जे पाणी गळायचं ते तिथेच गळतं. पातेल्यात जमलेलं लाल पाणी मी लिंबू आणि थोडं काळं मीठ घालून गाळून ठेवलं. जे पाहुणे लवकर आले त्यांना तेच सरबत दिलं. पनीर आणि कलिंगड यांच्यामध्ये पुदिन्याचं पान दुमडून टोचलं. दिसायला सुंदर तर आहेच, पण खरं काम असं की पनीरमधलं मीठ आणि कलिंगड एकमेकांना थेट चिकटत नाहीत. या काड्या साडेपाचच्या सुमारास भरल्या. आधी नाही. सालीच्या आतल्या पांढऱ्या गराची दुसऱ्या दिवशी धिरडी झाली, ती मला स्वतःला कलिंगडापेक्षा आवडतात.

दुसरा प्रकार चेरी टोमॅटोचा. टोमॅटो अख्खा राहिला तर पाणी सोडत नाही, त्याची साल सगळं धरून ठेवते, म्हणून आधी करून ठेवायच्या यादीत तो अगदी वर. अर्धा करायचा नाही. अख्खा टोमॅटो, पनीर, आणि मध्ये सब्ज्याचं पान. फालुद्यात घालतो त्या सब्ज्याचं झाड आमच्या गच्चीवरच्या कुंडीत आहे. इटालियन स्वयंपाकात जे बेझिल वापरतात तीच ही वनस्पती, आणि तिची पानं टोमॅटोबरोबर काय लागतात ते एकदा खाऊनच पाहावं. फक्त ही पानं फ्रिजच्या थंडीने काळी पडतात. पुदिना ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये छान राहतो, सब्जा राहत नाही. म्हणून टोमॅटो-पनीरच्या काड्या सकाळी भरताना मी पानाची जागा मोकळी ठेवली, आणि संध्याकाळी भाचीने झाडावरून ताजी पानं खुडून आणून टोकाला खोचली. दहा-बारा वर्षांच्या मुलांना हे काम फार आवडतं. ती मन लावून करतात, कारण केलेलं लगेच दिसतं.

अननसाबद्दल जरा थांबून सांगायला हवं. माझ्या लहानपणी वाढदिवसांना हमखास असायचं ते म्हणजे चीज, अननस आणि लाल चेरी टोचलेली काडी. कोबीच्या गड्ड्याला चांदीचा कागद गुंडाळून त्यावर त्या काड्या रोवलेल्या असायच्या. वहिनीच्या मुलांच्या वाढदिवसांनाही तिने तेच केलं होतं, त्यामुळे हा प्रकार वगळणं शक्यच नव्हतं. तेव्हा अननस डब्यातला, पाकातला असायचा. मला ताजा घालायचा होता. पण ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रथिनं तोडतं. चाचणीच्या डब्यात मी ताज्या अननसाला चिकटवून पनीर ठेवलं होतं, तर सकाळी ते पनीर कडेने बुळबुळीत आणि चक्क कडवट झालेलं. डब्यातल्या अननसाने असं होत नाही, कारण डबाबंद करताना तो तापवलेला असतो आणि उष्णतेने हे एन्झाइम निकामी होतं. पपई, किवी यांचीही तीच गत. मग उपाय सरळ होता. अननसाच्या चकत्या बिडाच्या तव्यावर दोन्ही बाजूंनी चांगल्या भाजल्या, आतपर्यंत गरम होऊन कडा तपकिरी होईपर्यंत. गार करून तुकडे केले. भाजल्यावर पाणी उडून जातं, गोडी घट्ट होते, आणि चीजजवळ रात्रभर ठेवला तरी चीज जागेवर राहतं. कच्च्यापेक्षा भाजलेला अननस या कामासाठी सरस आहे असं मी आता ठामपणे म्हणेन.

चेरीच्या जागी करवंदं. डब्यात मिळणारी ती लालभडक चेरी आपल्याकडे पुष्कळदा पाकवलेलं करवंदच असतं. मग मे महिन्यात, सह्याद्रीचे डोंगर करवंदांनी काळे झालेले असताना, रंगवलेलं कशाला? रस्त्याच्या कडेला द्रोणांत घेऊन बसलेल्या बाईंकडून पिकलेली, पण हाताला घट्ट लागणारी करवंदं निवडून घेतली. देठाजवळचा चीक धुऊन काढला, कोरडी केली. त्यांचा रंग चीजला लागतो, म्हणून काडीच्या टोकावर, अननसाच्या पलीकडे, तीही पाहुणे यायच्या थोडं आधी. आंबटगोड करवंद, भाजका अननस, खारट चीज. वहिनीने पहिली काडी उचलली ती हीच.

सुरळीच्या वड्या माझ्या आवडीच्या, आणि त्यांनीच मला सर्वांत जास्त वेळ खाल्ला. एक वाटी बेसन, एक वाटी आंबट दही, दोन वाट्या पाणी, हळद, हिंग, मिरचीचं वाटण, मीठ. गुठळी राहू न देता घुसळायचं आणि जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर सतत हलवत शिजवायचं. ताटाच्या पाठीवर चमचाभर पसरून मिनिटभराने कड सोडवून पाहायची. अलगद सुटली की झालं. तिथून पुढे हात भराभर चालला पाहिजे, कारण पातेल्यातच पीठ घट्ट होत जातं. घरातली सगळी ताटं पालथी घातली होती. दादा एका बाजूने पसरत होता आणि मी दुसऱ्या बाजूने सुरीने पट्ट्या पाडून गुंडाळत होते. तो निवृत्त बँकवाला, असल्या कामात त्याचा हात इतका साफ चालेल असं वाटलं नव्हतं, पण थर पातळ आणि एकसारखा त्याचाच आला.

या वड्या काडीवर लावताना गुंडाळीच्या सांध्यातून काडी आरपार गेली पाहिजे, म्हणजे ती उलगडत नाही. दोन वड्यांच्या मध्ये कैरीची पातळ चकती. कैरीसुद्धा पाणी सोडते, पण फार हळू, आणि तो आंबटपणा बेसनाला हवाच असतो. मात्र एक गोष्ट मी कटाक्षाने पाळली: ओलं खोबरं आत भरलं नाही. मेच्या उन्हाळ्यात खवलेलं खोबरं काही तासांत उतरतं, वास येतो, आणि एकट्या खोबऱ्यापायी सगळा डबा जातो. वड्या सकाळीच करून, तेलाचं बोट फिरवून, ओल्या पण घट्ट पिळलेल्या मलमलच्या फडक्याखाली फ्रिजमध्ये ठेवल्या. मोहरी-तिळाची फोडणी वेगळी करून गार करून ठेवली. खोबरं-कोथिंबीर सहा वाजता खवून, चिरून, फोडणीसकट वरून. खरं तर ताज्या खोबऱ्याची चव अशी वरून घातल्यावरच अधिक कळते.

बटाट्यांनी मला सर्वांत कमी त्रास दिला. छोटे बटाटे सालीसकट मिठाच्या पाण्यात उकडले, गरम असतानाच सोलले, आणि कोथिंबीर, पुदिना, मिरची, लसूण, लिंबू आणि दोन-तीन चमचे चक्का यांच्या वाटणात आदल्या रात्री घोळवून ठेवले. सकाळी तव्यावर थोड्या तेलात मसाला कोरडा होऊन चिकटेपर्यंत परतले आणि ढोबळी मिरचीच्या चौकोनाबरोबर टोचले. शिजलेला बटाटा फ्रिजमध्ये घट्ट होतो. याच कारणाने इडली फ्रिजमध्ये कडक होते, म्हणून छोट्या इडल्यांचा विचार मी सोडला होता. पण जे इडलीला मारक तेच बटाट्याच्या कामी येतं, काडीवर तो बिलकुल फुटत नाही. वहिनीच्या मैत्रिणींत एक जैन आहेत, त्यांच्यासाठी बटाट्याचं ताट अगदी वेगळ्या टेबलावर ठेवलं आणि बाकी कशात कांदा-लसूण घातलं नाही.

कोंबडी किंवा कोळंबी करावी असा दादाचा आग्रह होता. मी नको म्हटलं. गार करून, त्या हवेत, दोन तास बाहेर ठेवायच्या गोष्टी त्या नव्हेत.

बुडवायला दोनच गोष्टी. हिरवी चटणी, जी मी दोन दिवस आधी करून बर्फाच्या साच्यात गोठवली होती. हवे तेवढे तुकडे काढले की रंग ताजाच्या ताजा. आणि चक्का, म्हणजे रात्रभर टांगलेलं दही, त्यात मीठ, साखरेची चिमूट, भाजलेलं जिरं आणि किसून पिळलेली काकडी. चटणी काड्यांवर आधी ओतून ठेवायची नाही. खोलगट वाट्यांत शेजारी.

गोडाचा विषय आंब्याशिवाय संपत नाही आणि आंबा काडीवर राहत नाही. पिकलेला हापूस टोचला की घसरतो, काडीभोवती फिरतो, निसटतो. तोतापुरी टिकते, पण हापूस असताना पाहुण्यांना तोतापुरी द्यायला माझं मन घेईना. मेअखेर रत्नागिरीचा माल कमी होतो, तेव्हा जुन्नरकडचा हापूस मंडईत यायला लागतो. तो घेतला, किंचित घट्ट असा. मोठ्या फोडी करून प्रत्येकीत काडी खोवली, बटर पेपर घातलेल्या ताटलीत एकमेकींना न लागतील अशा मांडल्या आणि फ्रीझरमध्ये. तीन-चार तासांत त्या कडक झाल्या. मग डब्यात भरून ठेवल्या. वाढताना फ्रीझरमधून काढून पाच-सात मिनिटं थांबायचं, म्हणजे बाहेरून मऊ आणि आतून बर्फाळ लागतात. साखर नाही, दूध नाही, काही नाही. पोरांनी आइस्क्रीमची आठवण काढली नाही.

त्या दिवशी खरी लढाई फ्रिजच्या जागेची होती. एवढे डबे एकावर एक कोंबले तर थंड हवा फिरत नाही आणि मधले डबे कोमट राहतात. आधीच्या दिवशी फ्रिजमधली लोणची, सॉस, पाण्याच्या बाटल्या, जे बाहेर राहू शकतं ते सगळं बाहेर काढलं आणि शेजारच्या काकूंच्या फ्रिजमधला एक कप्पा मागून घेतला. काकूंनी दोन दिले आणि वर बर्फ जमवून ठेवायची जबाबदारी स्वतःहून घेतली. स्टीलच्या चपट्या डब्यांत पाणी भरून त्यांनी बर्फाच्या लाद्याच करून ठेवल्या होत्या. सुट्या खड्यांपेक्षा लादी किती तरी वेळ टिकते.

गच्चीवर मांडणी अशी: मोठ्या पराती, त्यांत बर्फाच्या लाद्या, त्यावर स्टीलची ताटं, ताटांत काड्या. काचेचं किंवा प्लास्टिकचं ताट वापरलं तर खालचा गारवा वर पोचत नाही, स्टीलमधून लगेच पोचतो. आणि सगळं एकदम वर न्यायचं नाही. मेमध्ये पुण्यात सूर्य कलल्यावरही हवा तापलेलीच असते. गार ठेवायचं खाणं ५ अंशांच्या खाली असावं, बाहेर दोन तासांच्या वर राहू नये, आणि पारा ३२ च्या पुढे असेल तर तासाभरातच संपावं, हा नियम मी डोळ्यांत तेल घालून पाळला. त्यासाठी प्रत्येक प्रकाराचे छोटे छोटे डबे केले होते. एक ताट संपत आलं की भाचा खाली जाऊन त्याच प्रकाराचा पुढचा डबा आणायचा. जुनं उरलेलं आणि नवं एकत्र करायचं नाही, एवढंच त्याला बजावलं होतं. अननस-चीजच्या काड्या मात्र ताटात ठेवल्या नाहीत. अर्धं कलिंगड पालथं घालून त्यावर रोवल्या, जुन्या कोबीच्या गड्ड्याची आठवण म्हणून. ते पाहून वहिनी इतकी खूश झाली की सगळ्यांना हाका मारून दाखवत सुटली.

लहान मुलं पळापळ करतात, म्हणून त्यांच्या ताटातल्या काड्यांची टोकं टोचून झाल्यावर कात्रीने कापली होती. वापरलेल्या काड्यांसाठी प्रत्येक कोपऱ्यात एकेक पेला, त्यात एक काडी आधीच टाकून ठेवलेली, म्हणजे पेला कशासाठी आहे हे सांगावं लागत नाही.

माणशी किती धरायच्या याचा अंदाज मी असा घेतला होता: पाठोपाठ जेवण असेल तर तिखटाच्या चार आणि गोडाची एक. तो बरोबर आला. टोमॅटोच्या थोड्या उरल्या, सुरळीच्या वड्या सगळ्यांत आधी संपल्या. पुढच्या वेळी त्या वाढवीन आणि टोमॅटो कमी करीन.

सव्वासातच्या सुमारास पश्चिमेकडून धुळीचा लोट उठला आणि पाठोपाठ वळवाचे टपोरे थेंब. कढई, शेगडी, गरम तेल असतं तर त्या घाईत काय झालं असतं! आम्ही पराती उचलल्या, ताटांवर ताटं पालथी घातली आणि पाच मिनिटांत सगळं खाली हॉलमध्ये. खाण्याचं काहीही बिघडलं नाही. खिडक्या उघडून मातीचा वास घेत, दाटीवाटीने बसून गप्पा अधिकच रंगल्या. वहिनी मैत्रिणींच्या घोळक्यात मध्यभागी, खुर्चीवर, हातात काडी. मी दारापाशी जरा उठले तशी तिने मला हाक मारली, “अगं, बस की तू पण, काय राहिलंय आता?” आणि खरंच काही राहिलं नव्हतं. मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि तिच्या मैत्रिणींकडून तिच्या शाळेतल्या अशा गोष्टी ऐकल्या ज्या इतक्या वर्षांत तिने घरी कधी सांगितल्या नव्हत्या: पुरात नदीपलीकडच्या मुलांना आणायला ती कशी जायची, एका मुलीचं लग्न थांबवण्यासाठी तिच्या बापाशी कशी भांडली होती. ती मुलगी आता परिचारिका आहे आणि त्या संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये बसून सुरळीची वडी खात होती.

परातीतल्या काड्यांतलं जे बाहेर जास्त वेळ राहिलं ते टाकून दिलं, त्यात जीव अडकवला नाही. फ्रिजमध्येच राहिलेले टोमॅटो-पनीर दुसऱ्या दिवशी काड्यांवरून काढून भुर्जीत गेले. बटाटे तव्यावर पुन्हा परतून पोळीबरोबर. बांबूच्या काड्या धुऊन परत वापरू नयेत, मसाला आणि ओल आत मुरलेली असते. त्या सगळ्या ओल्या कचऱ्यात गेल्या. दोन दिवसांनी वहिनीचा फोन आला, तिच्या शाळेतल्या बायकांना सुरळीच्या वडीचं प्रमाण हवं होतं आणि अननस तव्यावर किती वेळ ठेवायचा तेही. मी लिहून पाठवलं, आणि खोबऱ्याबद्दलचं वाक्य दोनदा लिहिलं.